दोन अर्ज

अर्ज लिहिणे हा काही आमचा व्यवसाय नव्हे. परंतु मराठी विषय घेऊन एम.ए. झालेल्या आणि तशात मुख्याध्यापकी करणाऱ्या माणसाला सोसायटीत व आप्तेष्टांत ही सेवा चुकत नाही. विजेच्या खांबापासून मंगल कार्यालयाच्या अनामत रकमेपर्यंत नाना विषयांवर आमची लेखणी आजवर झिजली आहे. 'सविनय निवेदन' या दोन शब्दांनी आरंभ करून 'कळावे' या एका शब्दाशी थांबण्याची कला आता आमच्या अंगवळणी पडली आहे. तथापि एकाच रात्री, एकाच टेबलाशी बसून, एकाच लेखणीने दोन अर्ज लिहिण्याचा योग आमच्या आयुष्यात एकदाच आला. त्या दोन अर्जांनी आम्हांला जेवढे लाजवले, तेवढे एखाद्या उनाड विद्यार्थ्यानेही कधी लाजवले नसेल. त्यांचीच ही हकीकत.

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस आमच्या बडोद्यात विश्वामित्रीला पूर आला. नदीची धोक्याची पातळी २६ फुटांची. पाणी चढले ते ३५ फुटांच्याही वर. जुलै २०१९ च्या शेवटच्या दिवशी येथे चोवीस तासांत सुमारे वीस इंच पाऊस झाला होता, तेव्हाही आम्ही घाबरलो होतो. पण या खेपेचे पाणी निराळे होते. ते आले आणि मुक्कामालाच राहिले. आमच्या सोसायटीत तळमजल्यावरच्या घरांत गुडघाभर पाणी, जिन्यावर शेजाऱ्यांचे संसार, वीज नाही, नळ कोरडा आणि उंबरठा मात्र ओला, अशी अवस्था झाली. बडोद्याच्या माणसाला पुरात आणखी एक धास्ती असते, ती मगरींची. रात्री फाटकाशी काही हलले की सारी सोसायटी बॅटऱ्या घेऊन गच्चीच्या कठड्याशी गोळा होई.

पाणी ओसरले, चिखल उपसून झाला, ओल्या गाद्या उन्हात पडल्या, आणि मग गच्चीवर सभा भरली. सोसायटीत घरे चोवीस. निम्म्याहून थोडी अधिक मराठी. कुणाचे पणजोबा खानगी खात्यात कारकून होते, कुणाचे शिलेदार, कुणाचे दरबारातले गवई. बाकीची गुजराती. एरवी पार्किंगवरून एकमेकांशी अबोला धरणारी ही मंडळी त्या रात्री मात्र एकदिलाने बोलत होती. निवेदन द्यायचे ठरले आणि सर्वांच्या माना आमच्याकडे वळल्या. आम्ही मागण्या टिपून घेऊ लागलो. सोसायटीमागची कांस, म्हणजे पावसाचे पाणी नदीकडे नेणारा जुना नैसर्गिक नाला, खोल व स्वच्छ करावी. नवी पावसाळी गटारे घालावीत. पाणी उपसण्याचा पंप कायमचा बसवावा. पुराची सूचना वेळेवर मिळावी. नदीचे पात्र मोकळे करावे. रस्ता उंच करावा. दिवे, औषधफवारणी, बागेची भिंत... मोजून अकरा मागण्या झाल्या. प्रत्येक मागणीपुढे कुणीतरी 'तातडीने' हा शब्द घालण्यास सांगत होते.

एवढे झाल्यावर सोसायटीच्या चिटणीसांनी खिशातून दुसरा कागद काढला. घरवेऱ्याच्या फेरआकारणीची ती नोटीस होती. ज्यांनी गॅलऱ्या बंद करून खोल्या केल्या, मजले चढवले, भाडेकरू ठेवले किंवा तळमजल्यावर दुकान थाटले, त्यांच्या घरांची पुन्हा मोजणी होऊन त्याप्रमाणे वेरा आकारला जाईल, असा तिचा आशय होता. क्षणभर गच्चीवर शांतता पसरली, आणि मग असा गलबला उठला की पुराच्या रात्रीही तेवढा नव्हता.

"पूर ओसरला नाही तोच हे पाणी चढवताहेत," असे एक वकील म्हणाले.

"आमच्या पगारातून परस्पर कापून घेतातच की! आणखी किती द्यायचं माणसानं?" दुसरे एक गृहस्थ म्हणाले.

बँकेतून निवृत्त झालेले आमचे शेजारी मात्र शांतपणे बोलले. "द्यायला ना नाही. पण दिलेला पैसा जातो कुठे, ते आधी सांगा. आणि ज्यांनी बुडवलाय त्यांना धरा."

त्यांच्या शेवटच्या वाक्याला आम्ही मान हलवली नाही. ती का हलवली नाही, ते पुढे सांगणारच आहोत.

फेरआकारणीला विरोध करणारा दुसरा अर्जही लिहावा, असे ठरले. घरी येऊन आम्ही टेबलाशी बसलो. पहिला अर्ज लिहिण्यास तास लागला. दुसरा पाऊण तासात झाला, आणि खरे सांगायचे तर दुसऱ्याची भाषा अधिक प्रवाही उतरली. 'मध्यमवर्गीय माणसाचे कंबरडे', 'महागाईचा भस्मासुर', 'पूरग्रस्तांच्या जखमेवर मीठ' असे सारे अलंकार तेथे हजर होते. पहिल्या अर्जाचा शेवट 'तरी वरील कामे तातडीने पूर्ण करावीत' असा होता. दुसऱ्याचा 'तरी सदर कार्यवाही तूर्त स्थगित ठेवावी' असा.

आमच्या लेखनाची पहिली वाचक घरातच असते. सौभाग्यवतींनी चष्मा लावून दोन्ही कागद वाचले, शेजारी शेजारी ठेवले आणि विचारले, "अहो, या पहिल्या अर्जातल्या कामांचे पैसे दुसऱ्या अर्जातून येणार आहेत का?"

आम्ही म्हटले, "उद्या लवकर उठायचं आहे." प्रश्नाचे उत्तर नसले की झोपेची आठवण होते, हा संसारी माणसाचा अनुभव आहे.

झोप मात्र आली नाही. अंधारात पडल्या पडल्या एक विचार मनात आला, आणि त्याचे आम्हांला हसूही आले. आपण मराठी माणसे या मुलखात आलो ती मुळी वसुली करण्याकरिता! पिलाजीराव गायकवाडांनी सोनगडला ठाणे केले. १७३४ पासून बडोदे गायकवाडांकडे आले ते कायमचे. चौथाई म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा. सरदेशमुखी म्हणजे आणखी दहावा. पुढे काठेवाडात वर्षानुवर्षे मुलुखगिरीच्या फौजा जात आणि खंडणी घेऊन परत येत. या साऱ्याच्या मोबदल्यात रयतेला काय मिळत असे? बहुतेक वेळा एवढेच, की या वर्षी फौज गाव न लुटता पुढे जाई. ज्यांच्या पूर्वजांनी इतरांकडून चौथा हिस्सा मागितला, त्यांचे वंशज आज बंद केलेल्या गॅलरीच्या चौरस फुटांवरून घासाघीस करीत होते. काळाचा विनोद याहून वेगळा तो काय असणार?

पण या शहराचे भाग्य असे, की कराचा अर्थ बदलून दाखवणारा राजाही त्याला मिळाला. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा शेतकऱ्याचा मुलगा १८७५ मध्ये दत्तक होऊन गादीवर आला आणि सयाजीराव झाला. शहराच्या पूर्वेस आजवा येथे बांधलेले सरोवर १८९२ मध्ये पुरे झाले आणि तेथले पाणी नळांतून बडोद्याच्या घरांत आले. आज मही नदीच्या पात्रातील विहिरींचीही जोड आहे, तरी आजव्याचे पाणी आपण अजून पितोच. १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला; १९०६ मध्ये तो साऱ्या संस्थानाला लागू झाला. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दंड होई. जी रयत पूर्वी कर देऊन केवळ अभय विकत घेत होती, तिला आता करातून नळ आणि शाळा मिळू लागली.

सयाजीरावांच्या साऱ्या योजनांत आम्हांला स्वतःला सर्वांत मोलाची वाटते ती ग्रंथालयांची. १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेहून विल्यम बोर्डन नावाचे ग्रंथपाल आणवले आणि गावोगाव वाचनालये उभी करण्याचे काम हाती घेतले. गावच्या वाचनालयासाठी त्यांनी घातलेला नियम फार मार्मिक होता. गावाने वर्गणीचा एक हिस्सा जमवायचा; तेवढाच प्रांत पंचायतीने घालायचा आणि तेवढाच सरकारने. महाराजांना ती सारी रक्कम खजिन्यातून देणे अशक्य नव्हते. पण ज्या कपाटात आपले चार आणे आहेत, त्या कपाटाला वाळवी लागली तर गाव गप्प बसत नाही, हे त्या चतुर राजाने ओळखले होते. त्या काळी मागणीच्या कागदाबरोबर गावची थैलीही जात असे. आमच्या अकरा मागण्यांबरोबर कोणती थैली जाणार होती? तिच्याऐवजी जाणार होता तो दुसरा अर्ज!

बडोद्याच्या शिक्षणाचे हे उदाहरण नामदार गोखल्यांच्या डोळ्यांपुढे होते. १९११ मध्ये त्यांनी केंद्रीय कायदे कौन्सिलात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. शिक्षणासाठी स्थानिक संस्थांना सरकारच्या मंजुरीने खास कर बसवता यावा, अशी तरतूद त्यांनी मुद्दाम ठेवली होती. गोखले मूळचे गणिताचे शिक्षक. खर्चाची बाजू मांडायची आणि जमेची कोरी ठेवायची, असा ताळेबंद त्यांच्या हातून होणे शक्यच नव्हते. मार्च १९१२ मध्ये ते विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. त्याच्यावरील अनेक आक्षेपांत नव्या कराचा आक्षेपही होताच. शाळा सर्वांनाच हव्या होत्या, निदान हव्या नाहीत असे उघड म्हणणारे थोडे होते. अडले ते पैसे कुणी द्यावेत यापाशी. शंभराहून अधिक वर्षे लोटली. आमच्या गच्चीवर दुसरे काय घडले होते?

यावर कुणी म्हणेल, 'आम्ही कर देत नाही असे नाही.' हे अगदी खरे आहे. किंबहुना आपण देतो तो बराचसा कर आपल्याला दिसतच नाही. पूर्वी शहराच्या वेशीवर जकात नाके असत. ट्रकवाला तेथे जकात भरी, व्यापारी ती मालाच्या किमतीत मिळवी, आणि आपण साखर घेताना ती न कळत देत असू. त्या जकातीविरुद्ध अर्ज लिहायला आम्हांला कुणी कधी सांगितले नाही. नोव्हेंबर २००७ मध्ये गुजरातेतील महानगरांची जकात गेली. व्यापारी सुखावले, नाक्यांवरच्या रांगा संपल्या, हेही चांगलेच झाले. पण शहराच्या हाती स्वतःचा म्हणावा असा मोठा कर उरला तो प्रामुख्याने घरवेराच, आणि तो तर आपल्याला डोळ्यांपुढे दिसतो, हाताने भरावा लागतो, म्हणून खुपतो. त्या वेऱ्याने भागत नाही तेव्हा शहर राज्याकडे हात पसरते, राज्य केंद्राकडे. आमच्यासारखेच शहरही अर्जदार होऊन बसले आहे. घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने १९९२ मध्ये नगरांच्या संस्थांसाठी अठरा विषयांची यादी केली. पण कामांची यादी आणि पैशांची थैली एकाच टपालाने येत नाहीत, हा अनुभव सर्वत्रच आहे.

न दिसणाऱ्या कराची दुसरी बाजू आम्हांला आमच्या शाळेने दाखवली. सोसायटीत धुणीभांडी करणाऱ्या एक बाई आहेत. त्या खानदेशातून पोटासाठी इकडे आल्या. त्यांची मुलगी आमच्या सरकारी मराठी शाळेत पाचवीत शिकते. गच्चीवरच्या त्या सभेत कुणीतरी म्हणाले होते, "कर आपण भरायचे आणि फुकट शाळा, फुकट जेवण यांच्या मुलांना!" आम्ही हे वाक्य पूर्वीही ऐकले होते, कदाचित उच्चारलेही असेल. पण त्या बाई महिन्याला साबण, दंतमंजन, बिस्किटाचा पुडा घेतात, त्यावर २०१७ पासून जीएसटी आहे. साबण आणि बिस्किटांवर तो वर्षानुवर्षे १८ टक्के होता. सप्टेंबर २०२५ मध्ये ५ टक्क्यांवर आला. श्रीमंताच्या साबणाला वेगळा दर आणि त्यांच्या साबणाला वेगळा, असे नसते. उलट नव्या पद्धतीने आयकर भरणाऱ्याचे १२ लाखांपर्यंतचे उत्पन्न २०२५-२६ या वर्षापासून करमुक्त झाले, तेव्हा त्याच गच्चीवर पेढे वाटले गेले. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे ठेवलेल्या निवेदनात हेच दाखवून दिले होते, की सरकारचा महसूल कष्टकरी रयतेच्या घामातून येतो आणि त्याचा लाभ मात्र वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो. कोण कुणाच्या पैशावर शिकतो, हा हिशेब आपण समजतो तितका सोपा नाही.

या बाईंची वस्ती नदीच्या कोतरांना लागून आहे. पुरात त्यांचे घर पत्र्यापर्यंत बुडाले होते. आमच्या अकरा मागण्यांत त्यांच्या वस्तीचे नाव कुठेही नव्हते. ते मुद्दाम गाळले होते असे नाही. ते कुणाला सुचलेच नाही.

आणि सुचावे तरी कसे? गेल्या तीस-चाळीस वर्षांत आपल्यासारख्या घरांनी सार्वजनिक गोष्टींतून हळूहळू अंग काढून घेतले. नळाचे पाणी आले की आपण त्याला आपल्या यंत्रातून गाळतो. सरकारी दवाखाना ओलांडून खाजगी डॉक्टरांकडे जातो. सोसायटीला आपला पहारेकरी आहे. शाळेचे तर बोलायलाच नको. चोवीस घरांतले एकही मूल आमच्या शाळेत येत नाही. या शाळेचा मुख्याध्यापकही त्यास अपवाद नाही: आमची दोन्ही मुले खाजगी इंग्रजी शाळेत शिकली. त्या वेळी आम्ही स्वतःची समजूत अनेक प्रकारे घातली होती, ती येथे उगाळत नाही. जी शाळा आपली नाही, जो दवाखाना आपला नाही, त्यांच्यासाठी वेरा देताना हात आखडतो, हे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. पण पुराचे पाणी काही खाजगी करता येत नाही. कांस प्रत्येकाच्या घरापुरती वेगळी खोदता येत नाही. त्या रात्री एकाएकी आपल्याला सरकार आठवते, आणि ते सरकार अशक्त दिसले की आपल्याला आश्चर्य वाटते.

आता बँकेतल्या आमच्या शेजाऱ्यांचा प्रश्न. 'दिलेला पैसा जातो कुठे?' हा प्रश्न टाळून कराची महती गाणारा माणूस एकतर भाबडा असतो किंवा लबाड. पैशाची नासाडी होते, कामे निकृष्ट होतात, एकच रस्ता दोनदा खणला जातो, हे कोण नाकारील? आमचा विरोध प्रश्नाला नाही. त्याच्या क्रमाला आहे. 'आधी हिशेब, मग पैसे' असे आपण म्हणतो. पण हिशेब तरी आपण कधी मागितला? नगराचे अंदाजपत्रक दरवर्षी जाहीर होते. २००५ पासून माहितीचा अधिकारही आहे. चोवीस घरांत पदवीधर चाळीसएक असतील, दोघे बँकेतले, एक सनदी लेखापाल. गॅलरीचा वेरा किती वाढेल, हे त्यांपैकी प्रत्येकाला पैपर्यंत ठाऊक होते. आमच्या भागाच्या कांसेवर वर्षाला किती रुपये खर्च होतात, हे एकालाही ठाऊक नव्हते. आम्हांलाही नव्हते.

दोन्ही अर्ज आम्हीच नेऊन दिले. आवक-बारनिशीच्या कारकुनाने दोहोंवर शिक्के मारले. दोन्हींचे आवक क्रमांक लागोपाठ पडले. तेथे एक अधिकारी भले वाटले. "बसा गुरुजी, आणखी काही सांगायचंय का?" असे त्यांनी विचारले. कांसेच्या खर्चाविषयी विचारायचे आमच्या मनात होते. घरातून निघताना तसे ठरवलेही होते. पण शब्द ओठांपर्यंत येऊन थांबला. "काही नाही, एवढंच," असे म्हणून आम्ही उठलो.

तो शब्द का थांबला, ते आता सांगतो. आमच्या घराला वरचा एक मजला आहे. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर. अकरा वर्षांपासून तेथे भाडेकरू राहतात. आमच्या शहरात आकारणी करताना घराचे क्षेत्रफळ, ठिकाण, वय यांबरोबर घरात मालक राहतो की भाडेकरू, हेही पाहतात. भाडेकरू असल्यास वेरा अधिक पडतो. आमच्या कागदावर त्या रकान्यात 'मालक स्वतः' असे लिहिलेले होते, आणि ते अक्षर आमचेच होते. पहिल्या वर्षी ते कंटाळ्याने राहिले, दुसऱ्या वर्षी सवयीने. नंतर तो विषयच आमच्या मनातून गेला, असे आम्ही स्वतःला सांगत आलो. पण 'ज्यांनी बुडवलाय त्यांना धरा' हे वाक्य गच्चीवर ऐकले तेव्हा आमची मान हलली नाही, यावरून तो विषय मनातून कितपत गेला होता ते दिसते. ज्या तिजोरीत भर घालण्याची आम्ही टाळाटाळ केली, त्याच तिजोरीतून तीस वर्षे दर महिन्याला आमचा पगार येत होता. आमच्या घरातला प्रत्येक घास कुणीतरी भरलेल्या करातून आलेला होता.

थंडीच्या दिवसांत मोजणीसाठी एक तरुण दारी आला. हातात मोजपट्टी, गळ्यात ओळखपत्र. "सर, ओळखलंत का?" असे म्हणून तो वाकून पाया पडला. आमच्याच शाळेचा विद्यार्थी. सातवीपर्यंत आमच्याकडे होता. आम्हांला आनंद झाला. चहा झाला, लहानपणीसारखाच तो बशीत ओतून प्यायला. शाळेतल्या गोष्टी निघाल्या. मग त्याने मोजपट्टी काढली, खालचा मजला मोजला, जिन्याकडे पाहिले आणि विचारले, "वर कोण राहतं, सर?"

आम्ही लगेच उत्तर दिले नाही. वर कुकरची शिटी झाली. त्याने ती ऐकली, आम्हीही ऐकली. मग तो खाली मान घालून हलकेच म्हणाला, "सर, तुम्ही सांगाल तसं लिहितो."

त्याच्या बोलण्यात उपरोध नव्हता. गुरुजींविषयीचा आदरच होता, आणि तोच आम्हांला सहन झाला नाही. वर्गात फळ्यावर आम्ही जे जे लिहिले ते ते या मुलाने वहीत उतरवून घेतले होते. आज तो पुन्हा लेखणी उघडून आमच्या शब्दाची वाट पाहत होता.

"भाडेकरू राहतात," आम्ही म्हटले.

"कधीपासून, सर?"

"अकरा वर्षं झाली."

त्याने मान वर न करता लिहून घेतले. निघताना पुन्हा पाया पडला. पायरीवर चपला घालताना म्हणाला, "या लाइनीत आज पहिलंच भाडेकरूचं घर लिहिलं, सर." आमच्या ओळीत किती घरांत भाडेकरू आहेत, हे त्यालाही ठाऊक होते आणि आम्हांलाही.

पुढे नवी आकारणी आली. वर्षाचा फरक पाहून आम्ही थक्क झालो: वरच्या मजल्याच्या एका महिन्याच्या भाड्याहूनही तो कमी होता! एवढ्याशा रकमेसाठी आम्ही अकरा वर्षे आपली जीभ गहाण टाकली होती. कर चुकवणाऱ्यामुळे सरकारचे किती नुकसान होते याचे आकडे तज्ज्ञ सांगतील. आम्हांला कळले ते एवढेच, की त्याचे स्वतःचे नुकसान आधी होते. हिशेब मागण्याच्या जागी उभे राहण्याचा त्याला धीर होत नाही. आणि ज्या शहरात हिशेब मागणारेच संकोचून बसले आहेत, तेथे पैशाची नासाडी करणाऱ्यांना कुणाचे भय वाटावे?

फरकाची रक्कम भरली त्याच आठवड्यात आम्ही तिसरा अर्ज लिहिला. त्यात मागण्या अकरा नव्हत्या, तीनच होत्या. कांस कोतरांपासून नदीपर्यंत साफ व्हावी. तिच्यावर आजवर किती खर्च झाला ते कळावे. आणि पुराची सूचना सोसायटीबरोबर खालच्या वस्तीलाही मिळावी. शेवटी एक वाक्य होते: 'आमच्या घरांची आकारणी नियमाप्रमाणे व्हावी, तीस आमची हरकत नाही.' या एका वाक्यापायी आम्ही चोवीस दारे हिंडलो. काहींनी चहा पाजला आणि सही दिली नाही. वकीलसाहेब म्हणाले, "गुरुजी, पहिली दोन वाक्यं ठेवा, शेवटचं काढा, आत्ता सही करतो." खालच्या वस्तीतल्या बाईंनी मात्र मजकूर वाचून दाखवायला सांगितला. ऐकून झाल्यावर त्यांनी पदराची गाठ सोडली आणि विचारले, "सर, अर्जाचे किती द्यायचे?" काही द्यायचे नाही, असे आम्ही सांगितले. त्यांनी आपले नाव सावकाश, एकेक अक्षर जोडत लिहिले. अक्षर त्यांच्या मुलीने शिकवलेले होते.

चोवीस घरांतल्या नऊ जणांनी सह्या केल्या. बँकेतल्या आमच्या शेजाऱ्यांनी दोन दिवस कागद ठेवून घेतला. तिसऱ्या दिवशी स्वतः घेऊन आले. सही केली होती, आणि खाली बारीक अक्षरांत एक ओळ वाढवली होती: 'हा तपशील दरवर्षी मिळावा.'

ती ओळ आम्ही अर्जात घेतली आणि कागद स्वच्छ अक्षरांत पुन्हा उतरवला. या वेळी तो देण्यास आम्ही एकटे गेलो नाही. शेजारीही बरोबर आले. "आणखी काही सांगायचंय का?" असे त्या दिवशी कुणी विचारले नाही. आम्हीच खुर्ची ओढून बसलो आणि कांसेच्या खर्चाविषयी विचारले.